तंबू सक्तीचा, तंबू हौसेचा

लहानपणी मी एकदा आजीला विचारलं होतं, "आजी, तुला सगळ्यात जास्त मजा कधी आली गं?" लग्न, जत्रा, पहिलं बाळंतपण असं काहीतरी ती सांगेल, अशी माझी अपेक्षा. ती म्हणाली, "पलेगाच्या साली."

घरात उंदीर पडायला लागले की गाव मोकळं करायचं, हे तेव्हा लोकांना ठाऊक झालेलं होतं. ज्यानं त्यानं आपापल्या रानात खोप घातली. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. सारवण नाही, उंबरा नाही, सोप्यावर बसलेल्या थोरल्यांचा धाक नाही. चुलत-मावस भावंडं एकाच ओळीत निजायची. हुरड्याचे दिवस होते. रात्री शेकोटीभोवती कुणी भुताच्या गोष्टी सांगायचं आणि वर आभाळ असायचं. त्यानंतर सत्तर वर्षांनीही हे सांगताना तिचा चेहरा फुलायचा.

त्याच खोपीत तिचा धाकटा काका गेला. हे मात्र मला आजीकडून कधीच कळलं नाही. ती गेल्यावर पुष्कळ वर्षांनी आईनं सांगितलं.

ही गोष्ट पुन्हा आठवायला कारण झालं ते मावसबहिणीच्या फोनचं. ती पंचवीस वर्षांपासून कॅलिफोर्नियात आहे. दर उन्हाळ्यात तिचं कुटुंब रेडवूडच्या जंगलात तीन-चार दिवस तंबू ठोकून राहतं. यंदा मावशीही सोबत होती. मावशीनं आधी नाक मुरडलं. म्हणाली, "घरदार असताना रानात निजायचं कशाला? आपण काय प्लेगातले आहोत?" आणि मग दुसऱ्या रात्री शेकोटीपाशी तिनंच नातवाला आजीच्या खोपीची गोष्ट सांगितली. पोरगा इतका रंगला, की शाळेत 'आमच्या कुटुंबाच्या आठवणी' लिहायच्या होत्या, त्यात त्यानं लिहून टाकलं: आमच्या घराण्यातलं पहिलं कँपिंग भारतात, प्लेगच्या साथीत झालं.

"दादा, हे बरोबर आहे का रे? तू जुन्या गोष्टी शोधत असतोस, म्हणून विचारते," बहीण म्हणाली.

"मुळीच नाही," मी फटकन म्हणालो. "जीव वाचवायला पळालेल्या माणसांना तू सहलीला नेऊन बसवलंस!"

फोन ठेवला, पण उत्तर मनातून जाईना. कारण आजीच्या आठवणीत पळापळ नव्हतीच. सहलच होती. मग मी 'कँपिंग' या गोष्टीचा माग काढायला लागलो.

सुरुवात आपल्या भाषेपासूनच केली. 'कँप' हा शब्द मराठीत दीडशे वर्षांहून अधिक काळ रुळलेला आहे, पण त्याला मौजेचा वास कधी नव्हता. पुण्यात 'कँपात जाणं' म्हणजे लष्कराच्या वस्तीत जाणं. बेळगावातही तसंच. हिवाळ्यात कलेक्टर जिल्ह्याच्या फिरतीवर निघे, तेव्हा 'साहेबाचा कँप पडलाय' ही बातमी गावाला धडकी भरवणारी असे. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीला आला आणि पुढे तो पुण्यात पोचला. मार्च १८९७मध्ये वॉल्टर चार्ल्स रँडच्या अधिपत्याखालच्या समितीनं गोऱ्या सैनिकांकरवी घरांच्या झडत्या सुरू केल्या. रोग्याला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना शहराबाहेरच्या कँपात नेण्यात येऊ लागलं, तेव्हा तर हा शब्द मरणाइतकाच भयंकर झाला. २२ जून १८९७च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, त्यामागे या झडत्यांचा आणि कँपांचा संताप होता. फाळणीनंतर कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची सोय करण्यात आली. १९४९मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं, तरी आजही तिथला पत्ता 'कँप नंबर चार', 'कँप नंबर पाच' असाच सांगितला जातो. लष्कर, साहेब, साथ, फाळणी. आपल्याकडे कँप म्हणजे कुणीतरी हुकूम दिला म्हणून जिथं जावं लागतं ती जागा.

याच शब्दाला इंग्लंड-अमेरिकेत सुटीचा अर्थ आला कुठून? तिकडे तरी तो आधीपासून होता का? तर नव्हता. तिकडेही तंबू सैनिकांचे, मेंढपाळांचे, भटक्यांचे आणि स्थलांतरितांचेच होते. हौसेच्या कँपिंगची सुरुवात शोधत गेलो, तेव्हा मला एक शिंपी भेटला.

थॉमस हायरम होल्डिंग हा लंडनमधला व्यवसायानं शिंपी. त्यानं १९०१मध्ये 'असोसिएशन ऑफ सायकल कँपर्स' ही संस्था स्थापन केली. हौशी कँपिंग करणाऱ्यांची जगातली पहिली संस्था ती हीच. १९०८मध्ये त्यानं 'द कँपर्स हँडबुक' लिहिलं. त्याआधी १८७७मध्ये तो छोट्या होडीतून स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात मुक्काम करत फिरला होता. मग सायकलवर तंबू बांधून तो आयर्लंडमधल्या कॉनेमारा भागात भटकला आणि त्यावर १८९८मध्ये त्यानं पुस्तक लिहिलं. कारागीर माणूस, त्यामुळे तंबू हलका कसा करावा, तो सायकलीवर कसा मावेल, याचा विचार तो शिंप्याच्या नजरेनं करी. पुढे त्याची संस्था इतर मंडळांत विलीन होत मोठी झाली आणि १९०९मध्ये दक्षिण ध्रुवाच्या मोहिमांमुळे प्रसिद्ध असलेला कॅप्टन रॉबर्ट स्कॉट तिचा पहिला अध्यक्ष झाला. आधुनिक कँपिंगचा जनक म्हणून होल्डिंगचं नाव घेतलं जातं.

पण या शिंप्याला तंबूचं वेड लागलं कुठं? १८५३मध्ये. तेव्हा तोही आठ-नऊ वर्षांचा होता. आई-वडिलांबरोबर तो अमेरिकेत गेला होता आणि सुमारे तीनशे माणसांच्या तांड्यातून, बैलगाड्यांच्या रांगेबरोबर, बाराशे मैल गवताळ प्रदेश तुडवत पश्चिमेकडे निघाला होता. ही सहल नव्हती. इंग्लंडमधलं घर मोडून नवं घर शोधायला निघालेल्या लोकांचा तो तांडा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्या वाटांनी लाखो माणसं पश्चिमेला गेली. वाटेत मेली तीही हजारांत मोजावी लागतात, आणि त्यांना मारणारा मोठा रोग होता कॉलरा. दूषित पाण्याच्या एका मुक्कामावर माणूस सकाळी चालता-बोलता असे आणि रात्री त्याला वाटेकडेला पुरून तांडा पुढे निघे.

अशा प्रवासात मोठ्या माणसांच्या मनात काय चाललं असेल, हे सांगायला नको. पण त्यातल्या एका मुलाच्या मनात राहिला तो तंबू, उघड्यावरचा स्वयंपाक आणि रोज बदलणारं क्षितिज. जवळपास पन्नास वर्षांनी, लंडनमध्ये पोटापाण्याची सोय झाल्यावर, तो हे सगळं पुन्हा उभं करायला निघाला. या वेळी बैल नव्हते, सायकल होती. आणि मुख्य फरक असा, की सोमवारी परत दुकानात यायचं होतं.

हे वाचलं आणि मला आजी आठवली. सक्तीच्या मुक्कामाचं हौसेच्या आठवणीत रूपांतर करणारी ती एकटी नव्हती. मूल कुठं राहतंय हे त्याला कळतं, का राहतंय हे कळत नाही. कारण मोठ्यांच्या वाट्याला येतं आणि चांदणं मुलांच्या. माझ्या उद्धट 'मुळीच नाही'ला पहिला तडा इथं गेला.

पण गोष्ट इथं थांबत नाही. पुढच्या शंभर वर्षांत कँपिंग ही अमेरिकन मध्यमवर्गीय कुटुंबाची जवळजवळ रीत झाली. ती कशी झाली, हे पाहिल्यावर या गोड चित्राच्या कडा दिसायला लागतात.

अमेरिकेत निसर्गात जाऊन राहण्याची लाट उसळली ती १८६९मध्ये. विल्यम मरे नावाच्या बॉस्टनच्या धर्मोपदेशकानं न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिराँडॅक डोंगरांवर पुस्तक लिहिलं. शहरी माणसानं तिथं जावं, स्त्रियांनीही जावं, तब्येत सुधारते, असा त्याचा सांगावा होता. त्या उन्हाळ्यात माणसांचे लोंढे डोंगरात शिरले. राहायला जागा नाही, पाऊस आणि चावणाऱ्या माश्या यांनी हैराण. वर्तमानपत्रांनी त्यांना 'मरेचे मूर्ख' म्हणून हिणवलं. तरी लोक जातच राहिले. १८९९मध्ये योसेमिटीच्या दरीत डेव्हिड आणि जेनी करी या शिक्षक दांपत्यानं सात तंबू उभारले आणि दिवसाला दोन डॉलर भाड्यानं ते द्यायला सुरुवात केली. हॉटेल परवडत नाही त्यांनाही दरी पाहता यावी, ही त्यामागची कल्पना. 'कँप करी' पुढे कित्येक पिढ्यांच्या सुटीचं ठिकाण झालं.

या दरीत आधी कोण राहत होतं? आवानीची नावाचे आदिवासी. १८५१मध्ये मारिपोसा बटालियन या सशस्त्र तुकडीनं त्यांना हुसकावलं. काही जण परतले, उद्यानात मोलमजुरी करू लागले, दरीत त्यांची वस्ती राहिली. उद्यानाच्या व्यवस्थेनं ती वस्ती हळूहळू आवळत आणली आणि १९६९मध्ये तिथली शेवटची घरंही नष्ट केली. ज्यांचं ते घर होतं त्यांना जावं लागलं आणि ज्यांचं घर दुसरीकडे होतं त्यांना तिथं राहण्याची सोय झाली. कँपिंगच्या इतिहासातली ही पहिली अट मला इथं दिसली: तंबूची हौस करायची तर घर दुसरीकडे असावं लागतं.

खरा बदल घडवला मोटारीनं. १९०८मध्ये हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' आली आणि तिची किंमत वर्षागणिक उतरत गेली. आता तंबू, गाद्या, भांडी, पोरं, सगळंच गाडीत मावू लागलं. खुद्द फोर्ड, थॉमस एडिसन, टायरवाला हार्वी फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज ही मंडळी मोटारींचा ताफा घेऊन मुक्कामी सहलींना जात. बरोबर आचारी आणि स्वयंपाकाची वेगळी गाडी असे. १९२१च्या सहलीत तर राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंगही सामील झाले होते. वर्तमानपत्रांत फोटो छापून येत आणि ते पाहून साध्या गाडीवाल्यालाही वाटे, आपणही जावं. कोलमन कंपनीचा पेट्रोलवर चालणारा कंदील १९१४मध्ये आणि घडीचा कँप स्टोव्ह १९२३मध्ये बाजारात आला. बायकांना मात्र या सहलीत सुटी मिळाली का, हा प्रश्न वेगळा. घरची चूल गेली आणि रानातली आली, एवढंच बऱ्याचदा झालं. मावशीनंही त्या तीन दिवसांत दोन वेळचा स्वयंपाक चुकवला नाही.

विसाच्या दशकात अमेरिकेतल्या गावोगावच्या नगरपालिकांनी या गाडीवाल्या कुटुंबांसाठी फुकट मुक्कामाची मैदानं उघडली. प्रवासी थांबले तर गावच्या दुकानांचा धंदा होईल, हा हिशेब. डेन्व्हरचं ओव्हरलँड पार्क त्यासाठी नावाजलेलं होतं. पण गाड्या स्वस्त झाल्या, जुन्या गाड्या तर आणखीच स्वस्त. मग या मैदानांत सुटीवर आलेल्या कुटुंबाशेजारी काम शोधत फिरणारं कुटुंबही तंबू ठोकू लागलं. दोघांची गाडी तीच, तंबू तोच, पोरं तशीच धुळीत खेळणारी. हा शेजार सुटीवाल्यांना आणि गावकऱ्यांना रुचेना. या विषयाचे इतिहासकार वॉरन बेलास्को यांनी दाखवून दिलं आहे, की दशकाच्या मध्याला नगरपालिकांनी फी आणि मुक्कामाच्या दिवसांची मर्यादा घातली, ती मुख्यतः नकोशी माणसं बाहेर ठेवायला. फी भरू शकणारा प्रवासी, न भरू शकणारा भटका. दोघांतला फरक ठरवायला पन्नास सेंट पुरेसे झाले. पुढे याच मैदानांच्या जागी भाड्याच्या खोल्या आल्या आणि त्यातून मोटेलचा धंदा वाढला. 'मोटेल' हे नाव मिरवणारी पहिली वास्तू १९२५मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस ओबिस्पो इथं उभी राहिली.

त्याच सॅन लुईस ओबिस्पो परगण्यात निपोमो नावाचं गाव आहे. मार्च १९३६मध्ये छायाचित्रकार डोरोथिआ लँग तिथल्या वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या कँपपाशी गाडी थांबवून उतरली. थंडीनं वाटाण्याचं पीक गेलं होतं, हाताला काम नव्हतं. फाटक्या तंबूच्या आडोशाला एक बत्तीस वर्षांची बाई मुलांना घेऊन बसली होती. लँगनं काढलेला तिचा फोटो 'मायग्रंट मदर' या नावानं जगभर गेला. महामंदीच्या काळातला बहुधा सर्वांत ओळखीचा फोटो तोच. त्या बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. ती चेरोकी वंशाची होती. ते नाव लोकांना कळायला १९७८ साल उजाडावं लागलं. कुटुंबीयांनी नंतर सांगितलं, की ते वाटेनं चालले होते आणि गाडी बिघडली म्हणून तिथं अडकले होते. म्हणजे गाडी, तंबू, आई, मुलं, रस्त्याकडेचा मुक्काम. कँपिंगच्या फोटोत जे जे असतं ते सगळं या फोटोत आहे. परतायला घर तेवढं नाही.

आणखी एक फरक आहे. कॅमेरा कुणाच्या हातात होता हा. कोडॅक कंपनीनं १९००मध्ये एक डॉलरला 'ब्राउनी' कॅमेरा विकायला काढला, तेव्हापासून सुटीवर गेलेलं कुटुंब स्वतःचे फोटो स्वतः काढू लागलं. बापानं काढायचे, आईनं अल्बममध्ये चिकटवायचे, नातवंडांनी पाहायचे. पिढ्यांमधून जी आठवण वाहत येते, ती पुष्कळदा या अल्बमांतून येते. थॉम्पसन कुटुंबाचा तंबूतला फोटो सरकारी दप्तरात गेला आणि तिथून साऱ्या जगाच्या मालकीचा झाला. त्यातून त्या आईला कधी पैसा मिळाला नाही आणि त्या फोटोबद्दल ती नाराजच होती.

याच तिशीच्या दशकात, याच कॅलिफोर्नियात, माझी बहीण ज्या प्रकारच्या जागेत तंबू ठोकते तिचा आराखडा तयार होत होता. बहिणीनं मला वर्णन केलं होतं: गोल फिरून येणारा एकेरी रस्ता, त्याला फुटलेले छोटे फाटे, प्रत्येक फाट्यावर एक गाडी, शेजारी जड लाकडी टेबल, लोखंडी कड्याची शेकोटी आणि तंबूपुरती सपाट जागा. या मांडणीमागे एमिलिओ माइनेके हा माणूस आहे. तो झाडांच्या रोगांचा तज्ज्ञ, अमेरिकी कृषी खात्यात नोकरीला. विसाच्या दशकाच्या अखेरीला त्याला रेडवूडची झाडं तपासायला सांगण्यात आलं. हजार-दीड हजार वर्षं जगलेल्या त्या महाकाय झाडांच्या बुंध्याशी लोक गाड्या आणून लावत, तंबू ठोकत. माइनेकेनं दाखवून दिलं, की पायांनी आणि चाकांनी माती इतकी घट्ट होते, की मुळांना हवा-पाणी मिळेनासं होतं आणि हौसेनं आलेली माणसंच जंगल गुदमरवतात. १९३२मध्ये त्यानं उपाय मांडला: गाडीला रस्ता सोडू देऊ नका, टेबल आणि शेकोटी जमिनीत पक्की करा, म्हणजे माणसं आपोआप त्यांच्याभोवतीच वावरतील.

हा आराखडा जमिनीवर उतरवला तो सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअरनं. मंदीत बेकार झालेल्या तरुणांसाठी १९३३मध्ये सुरू झालेली ही योजना १९४२पर्यंत चालली आणि तिच्यात सुमारे तीस लाख तरुणांनी काम केलं. महिना तीस डॉलर पगार, त्यातले पंचवीस परस्पर घरी पाठवले जात. ही मुलं स्वतः लष्करी शिस्तीच्या छावण्यांत, बऱ्याचदा तंबूंतच राहत. सक्तीच्या तंबूत राहणाऱ्यांनी हौसेच्या तंबूंसाठी टेबलं घडवली. त्यातल्या काहींवर आजही कुणीतरी पोरांना पोळीचा रोल करून देत असेल.

आणि त्या टेबलाशी बसायचा हक्क सगळ्यांना होता का? व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात १९३९मध्ये लुईस माउंटन नावाचं मुक्कामाचं मैदान उघडलं, ते काळ्या कुटुंबांसाठी वेगळं काढलेलं. महायुद्धानंतर, १९५०पर्यंत, हा भेद उद्यानातून गेला. पण रस्त्यावरचा गेला नव्हता. काळं कुटुंब सुटीला निघताना कुठं पेट्रोल मिळेल, कुठं झोपता येईल, हे 'ग्रीन बुक' नावाच्या पुस्तिकेत पाहून ठेवी. न्यूयॉर्कचा पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यानं १९३६मध्ये सुरू केलेली ही पुस्तिका पुढे सुमारे तीस वर्षं निघत राहिली. त्या कुटुंबांतल्या मुलांनाही शेकोटीच आठवत असेल. मागच्या सीटवरून त्यांना बापाच्या मांडीवरचं पुस्तक दिसत होतं की नाही, कोण सांगणार?

युद्धानंतरच्या भरभराटीत हे सगळं मागे पडलं. राष्ट्रीय उद्यानांतल्या सोयी वाढवण्यासाठी १९५६ ते १९६६ असा दहा वर्षांचा 'मिशन ६६' कार्यक्रम झाला. १९६२मध्ये माँटानातल्या बिलिंग्ज गावी, सिएटलच्या जागतिक प्रदर्शनाला निघालेल्या गाड्या पाहून, एका व्यावसायिकानं भाड्याच्या मुक्कामाची जागा काढली. त्यातून 'के. ओ. ए.' ही साखळी देशभर पसरली. कँपिंग आता वारसा झाला. आजोबांनी जिथं तंबू ठोकला तिथंच नातवानं ठोकायचा. चांगल्या जागांचं आरक्षण कित्येक महिने आधी करावं लागतं, आणि अनेक घरांत त्या जागेचा क्रमांक गावाकडच्या घराच्या पत्त्यासारखा तोंडपाठ असतो. १९६५च्या कायद्यानं अमेरिकेची दारं आशियाई माणसांना खऱ्या अर्थानं उघडली आणि त्यानंतर गेलेल्या मराठी डॉक्टर-इंजिनिअरांच्या मुलांनी ही रीत शाळेतून घरी आणली. माझ्या बहिणीचंही तसंच झालं. मुलाचे सगळे मित्र जातात, म्हणून हे गेले. आता सवय झाली. जागेचा क्रमांक तिलाही पाठ आहे.

इकडे आपल्याकडेही वारं पोचलंय. पवना धरणाच्या काठी, भंडारदऱ्याला, शनिवार-रविवारी रंगीत तंबूंच्या रांगा लागतात. माणशी दर, त्यात चहा-नाश्ता आणि शेकोटी. आजच्या पुण्या-मुंबईच्या मुलांना 'कँप' शब्दानं धडकी भरत नाही, याचा मला आनंदच आहे.

पण हा अंक तुमच्या हाती पडेल त्याच दिवसांत रस्त्यांवर आणखी काही गाड्या दिसतील. बीड, जालना, अहिल्यानगर या भागांतून ऊसतोड कामगारांची लाखो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघालेली असतील. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून हिशेबात 'एक कोयता'. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळी, अंथरुणं आणि पोरं. कारखान्याच्या आसपास माळावर कोपी घालायची आणि पाच-सहा महिने तिथंच राहायचं. पहाटे थंडीत आई-बाप फडात जातात तेव्हा थोरली पोर धाकट्याला सांभाळते. साखरशाळा निघाल्या, पण शाळा सुटायची ती सुटतेच. रात्री त्या कोपीसमोरही शेकोटी असते. त्या पोरांना वरचं आभाळ दिसत नसेल असं थोडंच आहे? सत्तर वर्षांनी त्यांच्यातली एखादी नातवाला सांगेलही, की मजा यायची. ती खोटं बोलत नसेल. पण नातवानं तेवढंच ऐकून घेतलं, तर मुकादम, उचल आणि बुडालेली शाळा गोष्टीतून गळून जाईल, जसा आमच्या आजीचा काका गळून गेला.

महिनाभरानं मी बहिणीला फोन केला. फोन भाच्यानंच घेतला.

"मामा, मग पणजीचं ते कँपिंग नव्हतं का?"

मी त्याला होल्डिंगची गोष्ट सांगितली. निपोमोच्या फोटोबद्दलही सांगितलं. तो फोटो त्यानं शाळेच्या पुस्तकात पाहिला होता. मग आमच्या काकांबद्दल सांगितलं. तो थोडा वेळ गप्प झाला.

"त्यांचं नाव काय होतं?"

मला सांगता आलं नाही. आईलाही ठाऊक नव्हतं. मावशीला विचारून सांगतो म्हणालो. मावशी म्हणाली, "आमच्या आईनं ते नाव कधी घेतलंच नाही रे. मजेचं तेवढं सांगायची."

भाच्याला मी एवढंच कळवलं: "तू लिहिलेलं खोडू नकोस. फक्त खाली एक ओळ वाढव. त्याच खोपीत पणजीचा काका वारला, आणि त्याचं नाव आज घरात कुणालाही माहीत नाही."